जव्हार-मोखाड्याच्या बोली आणि त्यांची नोंद : एक आढावा

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात, वैतरणा, पिंजाळ आणि वाघ या नद्यांच्या खोऱ्यांत, जव्हार व मोखाडा हे दोन तालुके पसरलेले आहेत. येथील लोकवस्तीत दहा माणसांमागे नऊ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. आणि म्हणून, मराठी ही जेथे कचेरीची, शाळेची व आठवडेबाजाराची भाषा आहे, परंतु चुलीपाशी आणि शेतावर जिचा व्यवहार चालतो ती मराठीशी नाते राखणारी तरीही मराठीत न मावणारी अशी निराळी वाणी आहे, अशा प्रदेशांचा विचार करताना या दोन तालुक्यांकडे प्रथम पाहावे लागते. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, क-ठाकूर, म-ठाकूर, कातकरी, ढोर कोळी असे समाज येथे पाड्यापाड्यांनी राहतात. महसुली दप्तरात जे एक गाव म्हणून दाखल असते त्याच्या निरनिराळ्या पाड्यांवर निरनिराळ्या तऱ्हेने बोलले जाते, आणि बोलणारा कोणत्या समाजाचा, कोणत्या अंगाचा, हे जाणत्या माणसाला त्याच्या दोन वाक्यांवरून कळते. या बोलींची नोंद आजवर कोणी केली, कोणत्या हेतूने केली, तीत काय आले आणि काय निसटले, याचा एकत्र विचार येथे करावयाचा आहे. माझे म्हणणे असे की, या बोलींना असलेला धोका त्यांच्या बोलणाऱ्यांच्या अल्पसंख्येतून आलेला नसून मराठीच्या निकटतेतून आलेला आहे. दूरची, परकी भाषा अंगावर आली म्हणजे माणूस सावध होतो. परंतु सख्ख्या नात्याची, प्रतिष्ठित भाषा शेजारी येऊन बसली म्हणजे आपली वाणी तिच्यात केव्हा विरघळू लागली हे बोलणाऱ्यालाही कळत नाही, आणि नोंद करणाऱ्याला तर बहुधा फार उशिरा कळते.

जव्हारच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुकणे घराण्याचे हे संस्थान परंपरेने १३४३ पासूनचे मानले जाते, आणि हे राजघराणे स्वतः महादेव कोळी समाजातले होते. म्हणजे पाच-सहा शतके येथे ज्यांची सत्ता होती ते राज्यकर्ते बाहेरून आलेल्या उच्चवर्णीयांपैकी नव्हते, तर या डोंगरांतल्याच समाजाचे होते. तरीसुद्धा १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत दरबाराचे दप्तर चालले ते मराठीत. सनदा, जमाबंदी, हुकूम, कैफियती सर्व मराठीत. याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही, कारण त्या काळच्या राज्यव्यवहाराची ती रीतच होती. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, येथील बोलींना लेखनाची गरज अशी कधी पडली नाही, आणि ज्या वाणीत लिहिले गेले नाही तिचा पूर्वेतिहास आज आपल्याला केवळ अनुमानाने जाणावा लागतो.

लिखित नोंदीचा आरंभ, मुंबईच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या रेव्हरंड जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यापासून धरावा लागेल. उत्तर कोकणातल्या वारली व काथोडी या दोन अरण्यवासी जमातींविषयीचा त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि दृष्टी त्या हेतूने रंगलेली होती. तथापि या लोकांशी प्रत्यक्ष बसून बोलावे, त्यांचे देव, त्यांचे विवाह, त्यांचे मृत्युसंस्कार त्यांच्याच तोंडून ऐकावेत, असे वाटणारा लेखक त्या काळी दुसरा कोणी दिसत नाही. त्यानंतर १८८२ मध्ये मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरील तेरावा खंड निघाला. त्यात जातीजमातींची वर्णने विस्तृत आहेत. पण ती महसूल खात्याच्या नजरेची आहेत, आणि भाषा ही त्या नजरेला पोशाखासारखी किंवा अन्नासारखी एक बाब वाटते.

खऱ्या अर्थाने भाषेसाठी म्हणून झालेले पहिले काम ब्रिटिश सनदी अधिकारी जॉर्ज ग्रियर्सन याचे. १८८६ च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेत ज्याचा आग्रह धरला गेला, १८९४ मध्ये जे सुरू झाले आणि ज्याचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले, त्या भारतीय भाषासर्वेक्षणात १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदल्या गेल्या. एका माणसाच्या नावावर एवढे प्रचंड काम उभे राहिल्याचे उदाहरण जगात क्वचितच सापडेल. मराठीचा सातवा खंड १९०५ चा. तो सिद्ध करण्याचे काम ग्रियर्सनचे सहकारी, नॉर्वेचे संस्कृतज्ञ स्टेन कोनो यांनी केले. वारली, कातकरी आणि ठाकरी या बोली त्या खंडात कोकणातल्या इतर बोलींच्या पंक्तीला, म्हणजे वाडवळ, सामवेदी, आगरी यांच्या शेजारी, बसविल्या आहेत.

या सर्वेक्षणाची पद्धत थोडी जवळून पाहिली पाहिजे, कारण पुढच्या शंभर वर्षांच्या नोंदींवर तिची छाया पडलेली आहे. प्रत्येक बोलीचे नमुने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी पाठवावयाचे होते. पहिला नमुना सर्वत्र एकच: बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे त्या बोलीतले रूपांतर. दुसरा नमुना स्थानिक, एखादी गोष्ट किंवा जबानी. आणि तिसरी, २४१ शब्दांची व वाक्यांची एक ठरीव यादी. तुलनेसाठी ही पद्धत उत्कृष्ट होती यात शंका नाही. काश्मीरपासून कोकणापर्यंत एकच मजकूर समोर असल्यामुळे प्रत्ययांचे व क्रियारूपांचे साम्य-भेद एका दृष्टिक्षेपात दिसतात. परंतु ही यादी मामलेदार कचेरीतला एखादा कारकून एखाद्या वारल्याला समोर बसवून विचारीत आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. पांढऱ्या घोड्याच्या खोगिराविषयीचे एक वाक्य त्या यादीत आहे. अमक्याच्या मुलाला आपण पुष्कळ फटके मारले, असे सांगणारे एक आहे. त्याला चांगला मारा आणि दोरखंडांनी बांधा, अशा अर्थाचे आणखी एक आहे. ज्या मुलुखात सावकार व जमीनमालक वेठीला न आलेल्या माणसाला खरोखरच मारीत व बांधून ठेवीत, त्या मुलुखातल्या माणसाने सरकारी कचेरीत बसून हे वाक्य आपल्या बोलीत कसे म्हणून दाखवले असेल? त्याने ते म्हटले असेल, कारकुनाने आपल्या कानाला जे मराठीसारखे लागले ते देवनागरीत उतरवून घेतले असेल, आणि ते पुढे रवाना झाले असेल. बोलीचे व्याकरण त्या कागदावर काही अंशी आले. बोलणारा मात्र आला नाही. शिवाय जो कारकून मराठीत शिकलेला आहे तो अपरिचित ध्वनी नकळत परिचित ध्वनीच्या साच्यात घालतो, आणि अशा रीतीने बोलीचे मराठीकरण नोंदीच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू होते.

ग्रियर्सननंतर जवळजवळ अर्धशतक भाषेच्या बाजूने शांतता आहे. त्या काळात जे काम झाले ते समाजशास्त्रज्ञांचे. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरील पुस्तक १९३४ चे, के. जे. सावे यांचे वारल्यांवरील १९४५ चे, आणि ल. ना. चापेकर यांचे सह्याद्रीतील ठाकरांवरील पुस्तक १९६० चे. ही तिन्ही इंग्रजीत आहेत, श्रमपूर्वक लिहिलेली आहेत, आणि भाषेचा विचार त्यांत समाजवर्णनाच्या ओघात येतो. सावे यांचे पुस्तक ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या बाजूला गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी व लग्नगडीपणा (लग्नाच्या कर्जापायी मालकाकडे पत्करावी लागणारी गुलामी) यांविरुद्ध उठाव केला. गोदावरीबाईंनी त्याची हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली. भाषेच्या अभ्यासकाने त्या उठावाकडे अवश्य पाहावे, असे मला वाटते. कारण मालकापुढे मान खाली घालून बोलण्याची जी एक भाषा असते ती सोडून माणूस सभेत उभा राहून बोलू लागतो, तेव्हा त्याच्या वाणीला नवा व्यवहार मिळतो, आणि बोलीच्या जीवनात असे प्रसंग विरळा असतात.

स्वातंत्र्योत्तर काळातला महत्त्वाचा टप्पा डॉ. अमृत माधव घाटगे यांचा. प्राकृताचे हे थोर पंडित, पुढे डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे प्रमुख संपादक; त्यांनी १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची एक पुस्तकमाला इंग्रजीत सिद्ध केली. कुडाळी, कासरगोडची मराठी, महाडची कुणबी यांच्याबरोबर ठाण्याच्या वारलीलाही त्या मालेत स्वतंत्र पुस्तक मिळाले. ध्वनींची शास्त्रशुद्ध मांडणी, रूपविचार, उतारे, शब्दसंग्रह अशी त्यांची बांधणी आहे. ग्रियर्सनच्या कारकुनाच्या जागी येथे प्रशिक्षित कान आला, ही प्रगती केवढी मोठी! आणि त्याच सुमारास भाषाशास्त्रज्ञ ना. गो. कालेलकर यांनी मराठी वाचकाला, कोणतीही बोली ही प्रमाणभाषेचे बिघडलेले रूप नसते, तिचा नियम तिच्यापाशी असतो, हे प्रसन्न मराठीत पुन्हा पुन्हा समजावून सांगितले. दुर्दैवाने घाटग्यांची पुस्तके ग्रंथालयात राहिली आणि कालेलकरांचा विचार पदव्युत्तर वर्गाबाहेर फारसा गेला नाही. खेड्यातल्या शाळामास्तरापर्यंत तर तो पोहोचलाच नाही.

यानंतरचे नाव गणेश देवी यांचे. १९५० मध्ये पुणे जिल्ह्यातील भोर येथे जन्मलेले आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक असलेले देवी १९९६ मध्ये अध्यापन सोडून आदिवासींच्या भाषांच्या कामाला लागले. ‘भाषा’ ही संस्था त्यांनी स्थापिली, छोटा उदेपूरजवळ तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी केली, आणि २०१० मध्ये भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाला हात घातला. त्या सर्वेक्षणाने देशात ७८० भाषा मोजल्या. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये मराठीत निघाला आणि वारली, कातकरी, ठाकरी यांच्यासारख्या वाणींवर मराठी वाचकाला एका जागी वाचावयास मिळाले. या कामावर भाषाशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत: लेखक बहुधा त्या शास्त्रात प्रशिक्षित नव्हते, भाषा आणि बोली यांच्या सीमा कोणत्या कसोटीने आखल्या हे स्पष्ट नाही, व्याकरणाचे विवेचन त्रोटक आहे. आक्षेप बरोबर आहेत. तरीही मला या सर्वेक्षणाचे मोल मोठे वाटते, कारण पूर्वी ज्यांच्या बोलीविषयी लिहिले जाई त्यांच्यापैकी काहींनी येथे स्वतः लेखणी धरली, आणि आपली वाणी ‘अशुद्ध मराठी’ नसून तिला स्वतःचे नाव आहे, हे छापील अक्षरांत पाहण्याचे समाधान त्यांना मिळाले. शास्त्रीय पूर्णता पुढे येऊ शकते. आत्मविश्वास गेला तर तो परत आणता येत नाही.

अलीकडे डेक्कन कॉलेजात, राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने, डॉ. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण झाले. त्यात गावोगावी जाऊन वेगवेगळ्या वयांच्या स्त्री-पुरुषांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले गेले आणि ते संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवण्यात आले. ग्रियर्सनला ज्याची ओढ होती, आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवर जे त्याने थोडेफार साधले, तो बोलणाऱ्याचा प्रत्यक्ष आवाज आता कोणालाही घरबसल्या ऐकता येतो. भौगोलिक भेदांचे नकाशे काढण्यासाठी ही सामग्री बहुमोल आहे. मात्र तिचा उद्देश मराठीच्या व्याप्तीचे चित्र रेखाटण्याचा असल्यामुळे, एकेका आदिवासी बोलीचे सर्वांगीण जतन हे तिचे काम नव्हे, आणि तशी अपेक्षाही तिच्याकडून धरणे योग्य नाही.

ही झाली विद्वानांच्या कामाची हकीकत. तिच्या शेजारी सरकारी गणती ठेवून पाहिली म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप दिसू लागते. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावे प्रसिद्ध झाली होती. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेल्या भाषांची नावे स्वतंत्रपणे छापण्याचे थांबले. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या नावांची छाननी करून १,३६९ मातृभाषा धरण्यात आल्या आणि त्या १२१ भाषांच्या शीर्षकांखाली बसविण्यात आल्या. या मांडणीत वारली आणि कोकणा यांची खतावणी ‘भिली/भिलोडी’ या शीर्षकाखाली होते. म्हणजे ग्रियर्सनच्या ग्रंथात वारली मराठीच्या घरात आहे, आणि जनगणनेच्या तक्त्यात भिलीच्या घरात. या बोलींत भिली-गुजरातीशी जुळणाऱ्या खुणा आहेत आणि मराठीशी जुळणाऱ्याही आहेत, त्यामुळे शास्त्रदृष्ट्या दोन्ही बाजूंना आधार सापडेल. परंतु व्यवहारात काय घडते? प्रगणक, जो बहुधा शिक्षक असतो, पाड्यावर जाऊन मातृभाषा विचारतो. एका घरचा माणूस ‘वारली’ सांगतो, शेजारच्या घरचा, शाळेत शिकलेला माणूस ‘मराठी’ सांगतो. आणि एकाच अंगणातली वाणी सरकारी हिशेबात दोन वेगळ्या खात्यांवर चढते. अशा आकड्यांवरून एखादी बोली वाढत आहे की घटत आहे हे ठरविणे धाडसाचे होईल.

त्यात राज्यांच्या सीमेचा आणखी एक पदर आहे. जव्हार-मोखाड्यापासून उत्तरेकडे सुरगाणा, पेठ, धरमपूर, कपराडा, डांग आणि दादरा-नगर हवेली असा जो सलग डोंगराळ पट्टा आहे त्यात कोकणा व वारली यांचे नातेगोते पसरलेले आहेत. १९६० मध्ये भाषावार राज्यरचनेने मराठी व गुजराती यांची सीमा आखली गेली तेव्हा या वाणींच्या मधूनच ती रेषा गेली. आज सोयरिकीतल्या दोन घरांपैकी अलीकडच्या घरातले मूल देवनागरी गिरवते व पलीकडच्या घरातले गुजराती लिपी. एका बाजूला नवे शब्द मराठीतून येतात, दुसऱ्या बाजूला गुजरातीतून. कोणत्याही एका राज्याच्या भाषाखात्याने केलेली नोंद त्यामुळे मुळातच अर्धी राहते.

केंद्र सरकारने २०१३ मध्ये लुप्तप्राय भाषांच्या संरक्षणाची एक योजना म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे सोपविली. दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषा ही तिची मर्यादा आहे. बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बोलली जाणारी निहाली, जिचा कोणत्याच भाषाकुलाशी निश्चित संबंध सिद्ध झालेला नाही आणि जिच्यावर शैलेंद्र मोहन यांनी पुष्कळ काम केले आहे, अशा भाषेला ही कसोटी योग्यच ठरते. पण लाखांच्या संख्येने असलेल्या वारल्यांची बोली या कसोटीवर सुरक्षित ठरते, आणि माझा मतभेद नेमका येथे आहे. युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये भाषेच्या जीवनशक्तीच्या नऊ कसोट्या मांडल्या. त्यांत बोलणाऱ्यांची संख्या आहे, पण तिच्याही आधी, अगदी आरंभी, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे भाषा जाते की नाही हा प्रश्न ठेवलेला आहे. पाच हजारांची भाषा आई मुलाशी बोलत असेल तर जगते. पाच लाखांची भाषा आईने मुलाशी बोलणे सोडले तर एका आयुष्यात संपते.

त्या तज्ज्ञगटात मातियास ब्रेंत्सिंगर हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची येथे आठवण करणे विषयांतर होणार नाही. कलोन विद्यापीठात आणि नंतर केपटाउन येथे राहून त्यांनी आफ्रिकेतल्या अस्तंगत भाषांचा अभ्यास केला. केनियातल्या याकू लोकांविषयी त्यांनी जे लिहिले ते जव्हारच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावे. मधमाश्यांची पोळी व शिकार यांवर जगणारे हे लोक गुरे बाळगणाऱ्या मासाई लोकांच्या शेजारी राहत. मासाईंशी लग्नसंबंध जुळू लागले, गुरांना प्रतिष्ठा आली, मधाला कमीपणा आला. आणि १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी जमून असे ठरविले की मुलांना यापुढे मासाई भाषेतच वाढवावे. कोणी परक्या सरकारने बंदी घातली नव्हती. ब्रेंत्सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मुख्य निष्कर्षच असा की, आफ्रिकेत लहान भाषा मागे सरतात त्या पुष्कळदा इंग्रजी-फ्रेंचपुढे नव्हे, तर शेजारच्या मोठ्या आफ्रिकी भाषांपुढे, स्वाहिलीपुढे, हौसापुढे, मासाईपुढे. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या आक्रमणावर पुष्कळ बोलले जाते. पण मोखाड्याच्या पाड्यावर वारलीची जागा इंग्रजी घेत नाही, ती मराठी घेते. मराठीवर प्रेम करणाऱ्यांना हे ऐकणे सुखाचे नाही. मलाही नाही. पण ते खरे आहे, आणि ज्यांना इंग्रजीपुढे मराठीचे काय होईल याची चिंता वाटते त्यांनाच मराठीपुढे वारलीचे काय होत आहे हे सर्वांत लवकर समजावयास हवे.

आता हे येथे घडते कसे? दोन ठिकाणे निर्णायक आहेत, शाळा आणि वीटभट्टी. शाळेबद्दल राज्यघटनेचा ३५० अ हा अनुच्छेद, २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आणि २०२० चे शैक्षणिक धोरण हे तिन्ही मातृभाषेच्या बाजूने बोलतात. पण पाड्यावरचे सहा वर्षांचे मूल पहिलीत बसते तेव्हा त्याच्यापुढे जे पुस्तक येते ते पुण्या-मुंबईच्या मराठीचे. शिक्षक घाटावरचा असला तर त्यालाही मुलाचे बोलणे अर्धेच कळते, आणि न कळण्याची जबाबदारी मात्र मुलाच्या अंगावर पडते. मूल गप्प बसते; ते गप्प बसणे मंदबुद्धीचे लक्षण मानले जाते. पुढे आश्रमशाळेत निरनिराळ्या समाजांची मुले एकत्र राहू लागली म्हणजे त्यांची सामाईक भाषा मराठी होते, आणि सुटीत घरी आलेला मुलगा आजीच्या बोलण्यातल्या काही गोष्टींवर हसू लागतो. अशा मुलांच्या शिक्षणाचा या जिल्ह्याच्या भूमीत ज्यांनी प्रथम सखोल विचार केला त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबादला जे प्रयोग केले, मुलाला शाळेत आणता येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात व गुरांच्या कुरणात नेली, त्यात मुलाच्या घरच्या वाणीला दारातून आत येऊ देण्याचे औदार्य होते. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था आज मुलांच्या भाषेचा विचार करूनच वाचन-लेखन शिकविण्याचे काम करीत आहे. अशी कामे थोडी आहेत, पण दिशा तीच आहे.

वीटभट्टीची गोष्ट निराळी. भात-नागलीची कापणी आटोपून दिवाळी झाली की पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे गावातल्या सामूहिक जीवनाचा, लग्नसराईचा, गोष्टी सांगण्याच्या रात्रींचा जो काळ, त्याच काळात गाव ओस असते. म्हातारी माणसे मागे राहतात आणि नातवंडे भट्टीवर असतात. पिढ्यांमधला धागा तुटतो तो असा, वर्षाचे सहा महिने. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत या कारणाला फार थोडी जागा मिळते, पण जमिनीचा, कर्जाचा व रोजगाराचा प्रश्न बाजूला ठेवून जव्हार-मोखाड्याच्या बोलीचा प्रश्न सुटेल असे मला मुळीच वाटत नाही.

वारल्यांच्या चित्राचे भाग्य यापेक्षा फार वेगळे झाले. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंताच्या नजरेला पडला, गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आज ही चित्रकला साऱ्या जगात ओळखली जाते. पण चौक हे नुसते चित्र नाही. तो काढला जात असताना व त्यापुढे लग्न लागत असताना धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालविणारी स्त्री, देवांना बोलावणारी दीर्घ गाणी गाते. पालघट देवी, हिरवा, नारनदेव, कणसरी यांच्या कथा त्या गाण्यांत आहेत. चित्र कागदावर उतरून विकले गेले, गाणे जेथल्या तेथे राहिले. हौशीने विकत घेतलेल्या चित्राच्या मालकाला त्या चौकटीतल्या देवीशी कोणत्या शब्दांत बोलतात हे ठाऊक नसते. आणि धवलेरीच्या मागे तिची गाणी शिकणारी मुलगी नसेल तर उद्या ते पाड्यावरही कोणाला ठाऊक राहणार नाही.

मग नोंद करावयाची ती कशाची? गाणी व कथा तर खऱ्याच. मोखाड्याच्या बोहाड्यात रात्रभर मुखवटे घालून जी सोंगे नाचतात आणि ज्यांचा मान घराण्याघराण्यांत वंशपरंपरेने चालत आलेला आहे, त्यांच्या मागची सांगीही खरी. परंतु माझा आग्रह याहून साध्या गोष्टीचा आहे: कामाच्या बोलण्याचा. राब भाजण्याचेच पाहू. उन्हाळ्यात झाडांच्या तोडलेल्या फांद्या जमिनीच्या तुकड्यावर पसरतात, त्यावर वाळका पातेरा, गवत, शेण, आणि वर मातीचा हलका थर. मग वाऱ्याची दिशा पाहून, वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूने आग लावतात, म्हणजे ज्वाला वाऱ्याच्या उलट, सावकाश सरकते आणि माती खोलवर भाजली जाते. पहिला पाऊस पडला की त्या राखेत भाताचे, नागलीचे, वरईचे बी पेरतात. या सबंध कामात बाप मुलाला काय सांगतो? थर किती जाड, माती किती ओली, वारा फिरला तर कोणत्या अंगाला धावायचे, आग पलीकडच्या राबात जाऊ नये म्हणून कोणी कोठे उभे राहायचे. त्यात हुकूम आहेत, इशारे आहेत, अर्धी वाक्ये आहेत, दूरच्या माणसाला मारलेल्या हाका आहेत. अमुक झाल्यास तमुक होईल अशी शर्तीची वाक्ये आहेत, दिशेचे व अंतराचे सूक्ष्म भेद आहेत. बोलीचे सबंध क्रियापद-तंत्र अशा अर्ध्या तासात राबताना दिसते. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात ते दिसणार नाही, आणि कोणाला समोर बसवून ‘तुमच्या बोलीत हे कसे म्हणाल?’ असे विचारल्यानेही दिसणार नाही. तीच गोष्ट पावसाच्या तोंडावर रानात शेवळे, कुर्डू, कोळीभाजी वेचणाऱ्या बायकांची, तीच पाणवठ्यावरच्या भांडणाची, तीच तापलेल्या पोराला उचलून भगताकडे निघालेल्या आईची. जर्मन भाषाशास्त्रज्ञ निकोलाउस हिमेलमान यांनी १९९८ मध्ये भाषेचे वर्णन आणि भाषेचे दस्तऐवजीकरण ही दोन वेगळी कामे आहेत असे प्रतिपादन केले, त्याचा व्यवहारातला अर्थ हाच: व्याकरण लिहिणे हा एक उद्योग, आणि समाज जे जे बोलतो त्याचा भरघोस, टिपांसहित, पुढच्या माणसाला तपासता येईल असा संग्रह करणे हा दुसरा, आणि दुसरा आधी झाला पाहिजे.

अशा संग्रहाला काय लागते याची कल्पना बाहेरून येत नाही. ध्वनिमुद्रण सोपे आहे. आज ते हातातल्या फोनवरही होते. खरे काम त्यानंतर सुरू होते. मुद्रण वाक्यावाक्याने पुन्हा ऐकायचे, उच्चाराबरहुकूम लिहायचे, मराठीत अर्थ द्यायचा, बोलणारा कोण, त्याचे वय काय, प्रसंग कोणता याची नोंद करायची, आणि बोलणाऱ्याची संमती कशासाठी होती हेही लिहून ठेवायचे. एका तासाच्या बोलण्याला कित्येक दिवस जातात. हे काम बाहेरचा विद्वान एकट्याने करू शकत नाही. ते त्या पाड्यावरच्या, ती बोली आईपासून शिकलेल्या आणि लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणाने किंवा तरुणीने करावे लागते. अशा नोंदीचे दोन मार्ग दिसतात. केपटाउनला १८७० नंतर विल्हेल्म ब्लेक आणि ल्यूसी लॉइड यांनी तुरुंगातून आपल्या घरी आणलेल्या सान लोकांपासून खाम भाषेच्या हजारो पानांच्या वह्या लिहून घेतल्या. ती भाषा आता कोणी बोलत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या राजमुद्रेवर २००० पासून तिच्यातले एक वचन मात्र कोरलेले आहे. याच्या उलट, त्याच देशातल्या अपिंग्टन येथे कात्रिना एसाउ या वृद्धेने आपल्या न्ऊ भाषेची शाळा स्वतःच्या घरी भरवली आणि ब्रेंत्सिंगर व शीना शाह यांनी २०१६ मध्ये तिच्यासाठी, तिच्याबरोबर, मुलांचे पुस्तक तयार केले. एकात भाषा संग्रहालयात गेली, दुसऱ्यात संग्राहक घराच्या ओसरीवर आला. अंदमानात बोआ सीनियर ही वृद्धा २०१० मध्ये निवर्तली तेव्हा तिच्याबरोबर ‘बो’ ही भाषा गेली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिच्याशी केलेले संभाषण तेवढे उरले. जव्हार-मोखाड्यात अजून ती वेळ आलेली नाही. येथे आज्या आहेत, नातवंडे आहेत, आणि दोघांमध्ये बोलणे अजून चालू आहे, म्हणून येथे दुसऱ्या मार्गाने जाणे शक्य आहे.

त्यासाठी काही गोष्टी तातडीच्या वाटतात. पुणे, म्हैसूर, बडोदे येथे या बोलींचे जे मुद्रित व ध्वनिमुद्रित साहित्य आहे त्याच्या प्रती जव्हार व मोखाडा येथील महाविद्यालयांत आणि जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीत आल्या पाहिजेत. ज्यांच्या आजोबांचा आवाज त्यात आहे त्यांना तो ऐकण्यासाठी मुंबई-पुण्याला जावे लागू नये. घाटग्यांच्या वारलीवरील पुस्तकाचे मराठी रूपांतर व्हावे, आणि ते त्या बोलीच्या आजच्या बोलणाऱ्यांकडून तपासून घ्यावे. शिक्षकाच्या बदलीनंतर पहिल्या वर्षी त्याला पाड्याची बोली कानावर घेण्याची सवड व साधने मिळावीत. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे ध्वनिमुद्रण उतरवून घेण्याचे काम करणाऱ्या स्थानिक तरुणांना त्या कामाचा रोख मोबदला मिळाला पाहिजे. तो मोबदला भट्टीवरच्या मजुरीहून कमी असेल तर ती मुले दिवाळीनंतर भट्टीवरच जातील, आणि त्यांनी जावे यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून अशा कोणत्याही योजनेच्या अंदाजपत्रकात यंत्रे, परिसंवाद व प्रकाशन यांच्या आधी ही रक्कम धरावी, आणि काम आखावे ते कार्तिकापासून वैशाखापर्यंत, म्हणजे ज्या महिन्यांत आज पाडा रिकामा होतो त्याच महिन्यांत.